जुनी पद्मिनी नव्याने उभी करायची, तर कोणत्या कामाला किती?

जुनी प्रीमियर पद्मिनी घेऊन गॅरेजमध्ये गेलात की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘सगळं मिळून किती होईल?’ मिस्त्री गाडीभोवती एक चक्कर मारतो, दरवाजा उघडझाप करून बघतो आणि आकडा सांगतो. दोन लाख. फार तर अडीच. हा आकडा त्याने कितीही प्रामाणिकपणे सांगितला तरी त्यावर विसंबून गाडी टाकून येऊ नका. रंगाच्या थरांखाली पत्रा किती उरला आहे, हे रंग उतरेपर्यंत त्यालाही ठाऊक नसते. आणि जुन्या गाडीचा खर्च ठरतो तो पत्र्यावर.

म्हणून मुख्य सल्ला आधीच देऊन टाकतो: सौदा दोन टप्प्यांत करा. पहिल्या टप्प्यात फक्त गाडी उघडण्याचे आणि रंग उतरवण्याचे पैसे ठरवा आणि देऊन टाका. उघडा पत्रा समोर आला की मगच पुढचे अंदाजपत्रक लेखी मागा. तेव्हा मिळालेला आकडा मोठा असेल, पण खरा असेल. तो झेपणारा नसेल तर वीस-पंचवीस हजारांवर थांबता येते. अर्ध्या कापलेल्या गाडीपाशी अडकून पडण्यापेक्षा हे स्वस्त.

पुढे दिलेले दर मुंबई, ठाणे आणि पुणे पट्ट्यातल्या चांगल्या स्वतंत्र गॅरेजांना धरून केलेले ढोबळ अंदाज आहेत. लहान शहरांत मजुरी कमी पडते. फक्त जुन्याच गाड्या करणाऱ्या नावाजलेल्या ठिकाणी बिल दुप्पटही होऊ शकते. नोंदणीकृत गॅरेज बिलावर १८ टक्के जीएसटी लावते, तो या आकड्यांत धरलेला नाही.

पद्मिनीच का परवडते

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्यावर गाड्या बांधल्या. पन्नाशीच्या दशकातली गोलमटोल ‘डुक्कर फियाट’, १९६४ पासूनची ११०० डिलाइट आणि १९७४ पासून पद्मिनी हे नाव. साधारण २००० पर्यंत ही गाडी निघत होती. इंजिन १०८९ सीसीचे, ताकद ४० अश्वशक्तीच्या आसपास, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि मागे पाटे. या सगळ्यात संगणक कुठेच नाही. कोणताही जुना मिस्त्री डोळे मिटून उघडू शकेल अशी ही यंत्रणा आहे.

त्यातही पद्मिनीचा मोठा फायदा म्हणजे ती मुंबईची टॅक्सी होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही काळीपिवळी रस्त्यावरून गेली. इतकी वर्षे हजारो टॅक्सी चालत राहिल्याने पिस्टन, बेअरिंग, क्लचप्लेट, ब्रेकचे लायनर, किंगपिन असले झिजणारे भाग अजून मिळतात. मुंबईत ऑपेरा हाउस परिसर, कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ आणि जुना बाजार इथे चौकशी केली की काम भागते. अडचण येते ती शोभेच्या भागांची. जाळी, बॉनेटवरचे चिन्ह, बाजूच्या क्रोमपट्ट्या, मूळ मीटर, टेललाइटच्या काचा हे टॅक्सीवाल्यांनी कधी बदललेच नाहीत, त्यामुळे त्यांचा बाजारही तयार झाला नाही. म्हणून पंधरा हजारांनी स्वस्त पण जाळी आणि पट्ट्या नसलेली गाडी घेऊ नका. त्या शोधण्यात त्याहून जास्त पैसे आणि बरेच महिने जातात.

घेण्याआधी: लोहचुंबक, पेचकस आणि कागद

कागद चोख असलेली, चालती पण थकलेली पद्मिनी साधारण ६० हजार ते २ लाखांत मिळते. ती बघायला जाताना खिशात एक छोटे लोहचुंबक आणि त्याला गुंडाळायला पातळ फडके ठेवा.

दरवाज्याखालची सिल, चाकावरच्या कमानी, दरवाज्याचा खालचा वीतभर भाग आणि पुढच्या काचेखालची कड यांवरून चुंबक हळूहळू सरकवा. सलग चिकटून सरकत गेले तर पत्रा आहे. मध्येच ढिले पडून घसरले, तर तिथे रंगाखाली पुट्टी आहे. कमानीवर बोटभर ढिलाई चालते, कारण जुन्या ठोकरीवर पुट्टी असतेच. सिलवर मात्र हातभर चुंबक चिकटलेच नाही, तर ती सिल आता पुट्टीचीच उरली आहे असे समजा. मग मालकाची परवानगी घेऊन आतली मॅट उचला आणि पेचकसच्या मुठीने जमिनीचा पत्रा ठोका. खणखणीत आवाज यायला हवा. बद्द आवाज आला किंवा ठोकताना लालसर भुगा उडाला तर फ्लोअर बदलायचे धरून चाला. डिकीतली स्टेपनी काढून तिच्याखालचा खड्डा आणि मागचे पाटे जिथे अडकतात ती टोके बघायला विसरू नका.

हे इतके महत्त्वाचे का? पद्मिनीला वेगळी चासी नाही. फ्लोअर, सिल, छत मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. अँबॅसिडर असो की पद्मिनी, अशा गाडीत सिल गंजली म्हणजे शोभा गेली एवढेच होत नाही, गाडीचा कणा गेलेला असतो.

कागदांत चार गोष्टी बघा. आरसीवरचा चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक इंजिनच्या खोलीतल्या क्रमांकांशी अक्षर न अक्षर जुळले पाहिजेत. नोंदणीची मुदत संपलेली असेल तर उशिराचे शुल्क किती साचले आहे ते परिवहन कार्यालयात विचारून मगच किंमत ठरवा. २०२२ पासून खासगी मोटारीला नूतनीकरणाच्या उशिराबद्दल दरमहा ५०० रुपये लागतात, आणि गाडी वर्षानुवर्षे गोठ्यात उभी असेल तर ही रक्कम गाडीच्या किमतीशी स्पर्धा करते. नोंद अजून संगणकावर चढलेली नसेल तर ती चढवण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर टाका. आणि टॅक्सी म्हणून नोंद असलेली गाडी कितीही गोंडस असली तरी टाळा. तिचे आयुष्य कागदावर संपलेले असते.

एकूण हिशेब

गंज मध्यम आहे, गाडीचे सगळे भाग जागेवर आहेत आणि काम आतून-बाहेरून पूर्ण करायचे आहे असे धरून हा तक्ता:

- गाडी उघडणे, जुना रंग उतरवणे: १५,००० ते २५,००० रुपये
- पत्रा, वेल्डिंग, डेंटिंग: ६०,००० ते १,५०,०००
- रंग, आत-बाहेर, टू-के पीयू (दोन घटक मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग): ७०,००० ते १,२०,०००
- क्रोम: २५,००० ते ४५,०००
- इंजिन: ४५,००० ते ८०,०००
- गिअरबॉक्स, क्लच, शाफ्ट, डिफरन्शियल: १२,००० ते २५,०००
- किंगपिन, शॉकअप, पाटे, स्टिअरिंग: १५,००० ते २५,०००
- ब्रेक: १०,००० ते १८,०००
- पाच टायर-ट्यूब: १५,००० ते २०,०००
- वायरिंग आणि दिवे: १२,००० ते २०,०००
- सीट, हुडलायनिंग, मॅट: २५,००० ते ४५,०००
- काचा, रबर, बीडिंग: १५,००० ते २५,०००
- परत जोडणीची मजुरी: २५,००० ते ४०,०००

बेरीज होते ३ लाख ४४ हजार ते ६ लाख ३८ हजार. त्यावर किमान १५ टक्के अडीअडचणीसाठी बाजूला ठेवा. म्हणजे खिशात चार लाख नसतील तर संपूर्ण काम सुरू करू नये, आणि वरच्या टोकाला ७ लाख ३४ हजारांपर्यंत जायची तयारी हवी. हे सगळे गाडीची किंमत सोडून.

आता हा तक्ता परत एकदा बघा. रंग उतरवणे, पत्रा आणि रंग या तीन ओळीच मिळून एकूण खर्चाच्या ४२ ते ४६ टक्के आहेत. ज्या इंजिनची सगळ्यांना धास्ती असते त्याचा वाटा १२-१३ टक्क्यांच्या वर जात नाही. घासाघीस कुठे करायची आणि कुठे करायची नाही, हे यावरून ठरवा.

पत्रा: इथे पैसे वाचवू नका

रंग उतरवण्याचे दोन मार्ग. रिमूव्हर लावून, खरवडून, घासून हाताने उतरवणे वेळखाऊ पण सुरक्षित. वाळूचा मारा करून उतरवणे झटपट, पण छत, बॉनेट आणि दरवाज्यांच्या सपाट पत्र्यावर जोराचा मारा बसला तर पत्रा लहरतो आणि पुन्हा सरळ होत नाही. मारा फ्लोअर, चाकाखालचे भाग, सस्पेन्शनचे हात यांच्यापुरता ठेवा. पत्रा उघडा झाला की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी त्यावर इपॉक्सी प्रायमरचा हात मारायला सांगा. कोकण किनाऱ्यावरच्या किंवा मुंबईच्या हवेत उघडा पत्रा रात्रीत पिवळा पडायला लागतो. पावसाळ्यात हे काम काढूच नका. दिवाळीनंतर सुरू करून मेपर्यंत रंग संपवणे हे उत्तम वेळापत्रक.

मग येते वेल्डिंग. जुन्या पद्धतीने गॅसवर पितळ ओतून ठिगळ लावणारे अजून आहेत. पटकन होते, स्वस्त पडते, पण सांगाड्याच्या भागात त्याचा जोर राहत नाही. सिल आणि फ्लोअर सीओ-टू वेल्डिंगनेच करून घ्या. पत्रा सीआर (कोल्ड रोल्ड) हवा. फ्लोअरला १८ गेज, दरवाजे-मडगार्डना २० गेज ठीक. एका बाजूच्या फ्लोअरला ८ ते १५ हजार, एका सिलला ६ ते १२ हजार, दरवाज्याच्या खालच्या ठिगळाला अडीच ते पाच हजार हे भाव धरा.

सिल कापण्याआधी मिस्त्री काय करतो, ते उभे राहून बघा. चांगला मिस्त्री आधी दरवाज्याच्या चौकटीत आडवा लोखंडी पाइप टाचतो, मगच एका बाजूची सिल कापतो. ती बाजू पूर्ण वेल्ड झाल्यावर, दरवाजा लावून तो बसतो की नाही हे बघून, मग दुसऱ्या बाजूला हात घालतो. पाइप न टाचता, गाडी जॅकवर उचलून दोन्ही सिली एकदम कापल्या तर सांगाडा मधोमध बसतो. दोन-तीन मिलिमीटरच बसतो, पण तेवढ्यात दरवाजे वर घासायला लागतात, मागे फट वाढते आणि मग पुढचा प्रत्येक कारागीर ती फट पुट्टीने झाकायच्या मागे लागतो. वेल्डिंग चालू असताना दरवाज्याची फट वर, खाली आणि मध्ये तीन ठिकाणी मोजून फोटो काढून ठेवा.

याच टप्प्यावर दोन कामे करून घ्या, नंतर ती दुप्पट महाग पडतात. एक, सीटबेल्टचे नट बसवण्यासाठी खांबावर आणि फ्लोअरवर जाड पट्ट्या वेल्ड करून घेणे. जुन्या पद्मिनीला बेल्टच नव्हते; चार बेल्टसकट हा खर्च ५ ते ८ हजारांत बसतो. दोन, बंद पोकळ्यांत, म्हणजे सिलच्या आत आणि दरवाज्यांच्या तळाशी, मेणाचा गंजरोधक फवारणे आणि पाणी बाहेर जायची भोके मोकळी ठेवणे. रंगाच्या वेळी ही भोके बुजली तर नवी सिल पुन्हा आतून सडायला फार पावसाळे लागत नाहीत.

चासी क्रमांकाच्या जागेवर टेप लावून ठेवायला सांगा. त्यावर पुट्टी किंवा जाड रंग बसला तर परिवहन कार्यालयात पेन्सिलीने छाप उमटत नाही आणि मग ते खरवडताना क्रमांकावर ओरखडे आले, तर तुमच्यावरच संशय.

रंग

‘एनसी’ लॅकर किंवा साधे इनॅमल मारून गाडी २५ ते ३५ हजारांत चकचकीत होते. ती चकाकी एक-दोन उन्हाळे टिकते. टू-के पीयू रंग महाग, पण वर्षानुवर्षे टिकतो आणि घासून परत उजळता येतो. दर विचारताना ‘फुल बॉडी किती?’ एवढेच विचारू नका. दरवाज्याच्या आतल्या कडा, डिकी, इंजिनची खोली, फ्लोअरची खालची बाजू यांतले काय धरले आहे, किती हात प्रायमर, किती हात रंग, वर क्लिअर कोट आहे की नाही आणि रंग कुठल्या कंपनीचा, हे लिहून घ्या. रंगाचा डबा तुमच्यासमोर फुटावा अशी अट घालायला लाजू नका.

भिंतीला ओल असताना वर कितीही महागडा रंग दिला तरी पोपडे येणारच, पत्र्याचेही तसेच. पुट्टी तीन मिलिमीटरहून जाड लागत असेल तर तिथे अजून ठोकून पत्रा सरळ करायचे काम बाकी आहे, हा सरळ नियम. रंगाच्या बूथमध्ये भट्टी नसेल तर निदान बंदिस्त, ओल्या जमिनीची, धूळ नसलेली जागा हवी. रस्त्याकडेला ताडपत्रीखाली पीयू मारणारा पेंटर कितीही नामांकित असो, रंगात धुळीचे कण बसणारच.

क्रोमचे बंपर परत चढवायला एकाला ४ ते ८ हजार. चांगला प्लेटिंगवाला आधी जुना मुलामा उतरवून, तांबे, निकेल आणि मग क्रोम असे थर देतो. फक्त घासून वरून क्रोम चढवणारा निम्म्या पैशांत करून देईल, आणि पहिल्याच पावसात टिपके दिसतील. लहानसहान भाग देताना मोजून, फोटो काढून, यादीवर सही घेऊन द्या. पद्मिनीचे क्रोमचे तुकडे प्लेटिंगच्या हौदात हरवतात ते कायमचे.

इंजिन आणि चालणारे भाग

इंजिन उघडण्याआधी चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्या. याला पाचशे-हजार रुपयांहून जास्त लागत नाहीत. चारही आकडे एकमेकांजवळ असतील, धूर निळा नसेल आणि ऑइलचा दाब ठीक असेल तर इंजिन उघडूच नका. टायमिंग, पॉइंट, सोलेक्स कार्ब्युरेटरची सफाई आणि नवे गॅसकेट यावर १० ते १५ हजारांत भागते. ‘आता गाडी उघडलीच आहे तर’ म्हणून चांगले इंजिन बोर करणे हा सगळ्यात सामान्य वायफळ खर्च.

बोर करायचेच असेल तर आधी ओव्हरसाइज पिस्टन हातात घ्या, मग ब्लॉक लेथवर पाठवा. उलटे केलेत तर पिस्टन मिळेपर्यंत सगळेच अडून राहते. क्रँक ग्राइंडिंग, बेअरिंग, व्हॉल्व्ह आणि हेडचे काम धरून ४५ ते ८० हजार. हेड अॅल्युमिनियमचे आहे, त्यामुळे जास्त तापून वाकलेले असू शकते. सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून तपासल्याशिवाय बसवू देऊ नका. दक्षिण महाराष्ट्रात राहत असाल तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या मशिन शॉपमध्ये हे काम उत्तम आणि रास्त भावात होते.

एक नवी गोष्ट विसरू नका. आता पंपावर मिळणारे पेट्रोल बहुतेक ठिकाणी २० टक्के इथेनॉलचे आहे. जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोलपंपाचा डायफ्रॅम त्यात फुगतो, मऊ पडतो. इथेनॉल चालणाऱ्या नळ्या आणि नवा पंपकिट दोन-अडीच हजारांत होतो. इंजिनशेजारी पेट्रोल गळण्याच्या धोक्यापुढे ही रक्कम काहीच नाही. टाकी आतून गंजली असेल तर ती याच वेळी साफ करून घ्या.

किंगपिन आणि ब्रेक यांत काटकसर करू नका. स्टिअरिंग सैल आणि ब्रेक एका बाजूला ओढणारी गाडी कितीही सुंदर असली तरी ती चालवण्याचा आनंद नाही आणि धोका मात्र आहे. मास्टर सिलिंडर आणि चाकांचे सिलिंडर नवेच घ्या, किट टाकून जुने चालवू नका.

बदल करायचे असतील तर

हौस असते: रंग वेगळा, एसी, बकेट सीट, डिस्क ब्रेक, मोठी चाके. सुरुवात कायद्यापासून करू. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल यांचा मथितार्थ असा की, आरसीवरच्या मूळ नोंदीत फरक पडेल असा बदल मनाने करता येत नाही. दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवणे, छत कापणे, बॉडीचा आकार बदलणे हे त्यात येते. रंग बदलायचा तर परिवहन कार्यालयात नोंद करून घ्या. लष्करी हिरवा रंग खासगी गाडीला मुळीच चालत नाही, आणि काळीपिवळी हौसही परिवहन अधिकाऱ्यासमोर महागात पडते.

जे बदल खरोखर उपयोगाचे आहेत ते असे:

- डायनॅमो काढून अल्टरनेटर: ६ ते १० हजार. रात्री दिवे मंद पडणे, बॅटरी उतरणे थांबते. सगळ्यात आधी हेच करा.
- पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन: ३ ते ५ हजार. थंडीत सेल्फवर लगेच उठते.
- डॅशखालचा एसी: ४५ ते ७० हजार. ४० अश्वशक्तीच्या इंजिनावर चढाला भार जाणवतो. अल्टरनेटर आणि मोठा रेडिएटर त्यासोबत लागतातच, तो खर्च वेगळा.
- पुढे डिस्क ब्रेक: २० ते ३५ हजार. चांगल्या लेथवाल्याकडूनच, आणि करण्याआधी परिवहन कार्यालयात विचारून.
- फ्लोअर गिअर: शेवटच्या काळातल्या एस-वन मॉडेलला तो मूळचाच होता. इतर मॉडेलांवर करू नका. स्टिअरिंगचा गिअर हीच पद्मिनीची खरी गंमत.

बदल करताना मूळ भाग फेकू नका. डायनॅमो, मूळ सीट, मूळ चाके कापडात बांधून माळ्यावर ठेवा. पुढे गाडी विकताना मूळ भाग सोबत असले की किंमत वाढते.

परिवहन कार्यालय, विंटेज नोंद आणि विमा

पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, अर्ज नमुना २५ वर. वीस वर्षांहून जुन्या मोटारीचे हे शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १० हजार रुपये आहे. त्यासोबत पर्यावरण कर, पीयूसी आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट. महाराष्ट्रात मोटारीच्या प्लेटचा दर ७४५ रुपये अधिक जीएसटी. त्याहून जास्त मागणाऱ्या एजंटाला नमस्कार करा. एजंटसकट सगळे मिळून १५ ते २० हजार बाजूला ठेवले म्हणजे पुरे.

गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी असेल, तर २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार विंटेज नोंद करता येते. नव्या नोंदीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे आणि नव्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. साठ-सत्तरच्या दशकातली डिलाइट आणि सुरुवातीच्या पद्मिन्या आता या वयात आल्या आहेत. मात्र अट कडक आहे: गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार नकोत, आणि रोजच्या वापराला ती काढता येत नाही. म्हणजे हौशी बदल आणि विंटेज नोंद या दोन दिशा आहेत. काम सुरू करण्याआधीच एक निवडा.

विम्यात थर्ड पार्टीचा हप्ता १००० ते १५०० सीसी मोटारीला २०२२ च्या दरपत्रकानुसार ३,४१६ रुपये आहे. विंटेज नोंद असलेल्या गाडीला त्यात निम्मी सूट. संपूर्ण विमा मात्र सहज मिळत नाही. कामाची बिले, टप्प्याटप्प्याचे फोटो आणि मूल्यांकन दाखवले तरच कंपनी ठरवलेल्या किमतीचा विमा देते. त्यामुळे रोखीत, बिलाशिवाय काम करून घेऊन वाचवलेला जीएसटी पुढे नडतो.

गॅरेजशी करार कसा करावा

तोंडी सौदा नको. साध्या कागदावर का होईना, हे लिहून घ्या: कामांची यादी, प्रत्येक कामाचा दर, कोणता माल कोण आणणार, टप्पे आणि तारखा. पैसे टप्प्यांवर द्या. रंग उतरल्यावर पहिला हप्ता, वेल्डिंग संपून प्रायमर लागल्यावर दुसरा, रंग झाल्यावर तिसरा, जोडणीनंतर चौथा. शेवटचे १० टक्के हातात ठेवा आणि महिनाभर गाडी चालवून झाल्यावर द्या. गॅरेजवाला याला तयार नसेल तर दुसरा शोधा. जो आपल्या कामावर महिनाभर थांबायला तयार नाही, त्याचे काम वर्षभर टिकेल याची हमी कोण देणार?

एकरकमी आगाऊ पैसे दिले की गाडी कोपऱ्यात जाते, हा अनुभव या धंद्यात सार्वत्रिक आहे. गॅरेजमध्ये रोज येणारे काम म्हणजे अपघाताच्या गाड्या. विमा कंपनीचे पैसे वेळेवर येतात, त्यामुळे त्या पुढे सरकतात आणि तुमची पद्मिनी मागे राहते. दर शनिवारी जाऊन बघा, फोटो काढा, चहा प्या. मिस्त्रीशी भांडून काम पुढे सरकत नाही, पण आठवड्याला एकदा मालक दारात दिसला की सरकते. संपूर्ण काम आठ ते चौदा महिन्यांचे धरा. चार महिन्यांत देतो म्हणणाऱ्याला तारखेवर सही करायला सांगा, मग बोलणे आपोआप नीट होते.

ताब्यात घेताना गाडी सकाळच्या उन्हात बघा, ट्यूबलाइटखाली नको. पाइपने पाणी मारून काचांच्या कडा, डिकी आणि फ्लोअर कोरडे राहतात का ते पाहा. दरवाजे एका हाताने, न आपटता लागले पाहिजेत. निदान तीस-चाळीस किलोमीटर चालवून आणा, मग थंड होऊ द्या आणि खाली ऑइल, पाणी, पेट्रोल गळते का हे कोरडा पुठ्ठा ठेवून तपासा. जुने काढलेले भाग परत मागून घ्या.

शेवटी किमतीचा प्रश्न. उत्तम केलेली पद्मिनी साधारण तीन ते सहा लाखांत विकली जाते, म्हणजे गाडीच्या मूळ किमतीसकट घातलेले पैसे विकून सहसा परत येत नाहीत. हा नफ्याचा व्यवहार नाही, हे घरच्यांना आधी सांगा. नफा हवा असेल तर कुणीतरी काम करून ठेवलेली, बिले आणि फोटो असलेली गाडी विकत घ्या. त्याने आपल्या हौसेचे पैसे आधीच भरलेले असतात. पण वडिलांची, आजोबांची गाडी दारात उभी असेल आणि तीच चालवायची असेल, तर पहिला फोन पेंटरला न करता पत्र्याच्या मिस्त्रीला करा, आणि पहिल्या टप्प्याचे वीस हजार रुपये निर्धास्तपणे खर्च करा.